दुःखाची भिशी

माझ्या मावसभावाचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर त्याला सोबत नको आहे, सोय हवी आहे. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत तो क्वालिटीचं काम बघतो. कास्टिंगमध्ये खोट निघाली की ती कोणत्या टप्प्यावर शिरली हे हुडकायचं आणि तिथल्या माणसाला जाब विचारायचा, ही त्याची रोजची सवय. त्याचा मुलगा पाच वर्षांचा आहे. दीड वर्षापूर्वी ऑटिझमचं निदान झालं आणि तेव्हापासून भेटेल तो त्याला एकच सल्ला देतो: अशा मुलांच्या आईबापांना भेट, बरं वाटेल. डॉक्टरांनी सांगितलं, थेरपिस्टनं सांगितलं, सासूबाईंनी सांगितलं. ज्या शाळेनं प्रवेश नाकारला तिथल्या बाईंनीही दारापर्यंत सोडायला येऊन हेच सांगितलं. त्याच्या रागाचं मूळ बहुधा त्या दारातच आहे.

काकी माझ्या शेजारच्या, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या. साठी ओलांडली आहे. मुलगा 33 वर्षांचा, डाउन सिंड्रोम असलेला. गेली वीसेक वर्षं त्या एक भिशी चालवतात. तिच्यातल्या प्रत्येकीच्या घरी असं एखादं मूल आहे. वय तीन असो की चाळीस, भिशीत त्याला मूलच म्हणतात. या दोघांची गाठ मी घालून दिली. भाऊ जरा निवळेल असा माझा अंदाज होता. तसं काही झालं नाही. दुपारभर दोघं भांडली आणि पुढच्या रविवारी पुन्हा भांडायला बसली. त्यातलं टिपून ठेवावंसं वाटलं ते इथे देतो. क्रम थोडा मागेपुढे झाला आहे.

वादाला तोंड त्यानंच फोडलं.

"काकी, राग मानू नका, पण मला ही दुःखाची भिशी वाटते. दर महिन्याला एकीच्या नावाची चिठ्ठी काढायची, तिनं रडायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. घरी जाताना प्रत्येकीला वाटणार, माझं त्यातल्या त्यात बरं आहे. यात पोराला काय मिळालं?"

"रडायला वेळ कुठं असतोय रे?" काकी म्हणाल्या. "पाचला बसतो, सातला उठायचं असतं. त्यात पोहे, त्यात पैसे मोजायचे, त्यात चौघींची पोरं हॉलभर पळत असतात. एखादी रडली तर रडली. आम्ही तिच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेवतो आणि पुढच्या विषयाला लागतो."

"म्हणजे विषय असतात?"

"मग काय! तुझ्या कंपनीत मिटिंगला असतात तसेच."

तो हसला नाही. त्याचा मुद्दा वेगळा होता आणि त्याची तयारी करूनच तो आला होता.

"मी तुम्हाला याच गावाचं सांगतो. 1917 साली शाहू महाराजांनी या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत घातलं नाही तर आईबापाला महिन्याला एक रुपया दंड. त्या काळचा रुपया! राजा म्हणत होता, पोरगं शाळेत आण, नाहीतर दंड भर. आज मी पोराला हाताला धरून शाळेच्या दारात उभा आहे आणि शाळा म्हणते, तो इथे रमणार नाही. दंड कुणाला? 2016 चा दिव्यांग हक्कांचा कायदा सांगतो की सहा ते अठरा वयाच्या दिव्यांग मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. हे कायद्यात असताना मला बायकांच्या भिशीत का पाठवतात? त्यांचं काम त्यांनी करायचं नाही म्हणून. रस्त्यावरचा खड्डा बुजवायचा नाही आणि पडलेल्यांनी एकमेकांना उठवावं म्हणून मंडळ काढून द्यायचं, असला हा प्रकार आहे."

या बोलण्यात मला खोट काढता आली नाही. समुपदेशनाच्या खोल्यांमधून 'सपोर्ट ग्रुप' हा शब्द ज्या सहजपणे पुढे केला जातो, त्यात हात झटकण्याचा भाग असतोच. निदान सांगायला पाच मिनिटं आणि बाकी आयुष्यासाठी एक फोन नंबर, असं पुष्कळांच्या वाट्याला येतं.

काकींनी मात्र खड्ड्यावर काहीच उत्तर दिलं नाही. त्यांनी भिशी कशी सुरू झाली ते सांगितलं.

"आमच्या वेळेला घरातून बाहेर पडायचं म्हणजे कारण लागायचं. 'मतिमंद मुलांच्या आयांच्या बैठकीला जातो' म्हटलं असतं तर सासूनं पायरी उतरू दिली नसती. गावाला कशाला सांगायचं, म्हणायची. भिशीला जातो म्हटलं की कुणी अडवत नाही. पैशाचा व्यवहार आहे, बुडवून चालत नाही. म्हणून भिशी." (कोल्हापुरातल्या जुन्या बायकांसारखं काकीही 'मी जातो, मी सांगतो' असंच बोलतात.) "पहिल्यांदा आम्ही पाच जणी होतो. पाचही जणी सीपीआरच्या व्हरांड्यात ओळख झालेल्या."

सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, जिल्ह्याचं सरकारी इस्पितळ. दिव्यांगत्वाचा दाखला काढायला तिथं जावं लागतं आणि त्या दाखल्याशिवाय पुढची एकही गोष्ट हलत नाही. काकींचं शिक्षण त्याच व्हरांड्यात झालं. त्या शिक्षणाचा अभ्यासक्रम त्यांनी भावाला ऐकवला, तो जसाच्या तसा देण्यासारखा आहे.

"तुझं पोरगं डॉक्टरसमोर एकदम शहाण्यासारखं बसलं तर काय होईल? टक्के कमी लागतील. चाळीसच्या खाली गेलं की दाखला असून नसल्यासारखा. म्हणून आम्ही नव्या आईला सांगतो, पोराचा घरातला व्हिडिओ काढून ने. जेवतानाचा, कपडे घालतानाचा, भर बाजारात बसकण मारतो तेव्हाचा. लाजू नको. पुढचं. आधार कार्डावर नाव एक आणि जन्माच्या दाखल्यावर दुसरं असेल तर आधी ते सारखं करून घे, नाहीतर यूडीआयडी कार्ड अडकतंय. पासष्टच्या वर टक्के असतील तर एसटीत सोबतच्या माणसालाही अर्धं तिकीट. कंडक्टर नाही म्हणाला तर भांडायचं, पण पोराच्या देखत नाही. निरामय विमा माहीत आहे तुला? नॅशनल ट्रस्टचा. ऑटिझम त्यात बसतोय. वर्षाला लाखापर्यंत, आणि थेरपीचं बिलसुद्धा चालतं. दीड वर्षात तुला कुणी सांगितलं का हे?"

कुणी सांगितलं नव्हतं. तो मोबाइलवर काहीतरी टिपून घेऊ लागला, पण हरला असं दिसू नये म्हणून म्हणाला, "ही माहिती सरकारी वेबसाइटवर आहे."

"आहे की. आणि पोराचे केस कुठे कापतोस ते पण वेबसाइटवर आहे का?"

इथे मात्र तो गप्प झाला. त्याच्या घरातला तो सगळ्यात अवघड दिवस असतो. मुलाला कानाजवळ मशीनची घरघर सहन होत नाही. दोघांनी धरायचं, तिसऱ्यानं कापायचं आणि मुलानं तास-दीड तास ओरडायचं. शेजारी आता काय चाललंय म्हणून विचारायलाही येत नाहीत.

"आमच्या ओळखीचा एक न्हावी आहे," काकी म्हणाल्या. "सोमवारी त्याचं दुकान बंद असतं. आमच्या पोरांसाठी तो अर्धं शटर वर करतो. मशीन नाही, कात्रीच. आरशाला टॉवेल लावून ठेवतो. पोरगं आधी दोन-तीन सोमवार नुसतं खुर्चीवर बसून येतं, केस कापत नाहीत. मग एके दिवशी कापून होतात. त्याच्या बहिणीचा मुलगा असाच आहे, म्हणून त्याला कळतं. नंबर पाहिजे?"

नंबर त्यानं घेतला. मग वाद थांबला असता तर हा लेख इथेच संपवता आला असता. तो थांबला नाही, कारण त्याच्या पोतडीत अजून बरंच होतं आणि त्यातली पुढची वस्तू काकींच्या वर्मी लागणारी होती.

"माहिती देणारे तेच, आणि अफवा देणारेही तेच. मी एका ग्रुपमध्ये होतो काही दिवस. पहिल्या आठवड्यात मला उंटिणीचं दूध सांगितलं, गव्हाची पोळी बंद करायला सांगितली, केसांची तपासणी करून अंगातले धातू काढायला सांगितलं, आणि स्टेम सेलचे तर फोटोसकट अनुभव. लाखांचा खर्च. 2022 साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळानं स्पष्ट म्हटलंय की ऑटिझमवर स्टेम सेलचा उपचार शिफारस करण्याजोगा नाही. पण ग्रुपमधली बाई म्हणते, 'माझ्या मुलाला फरक पडला.' तिच्या डोळ्यांतलं पाणी बघून कोण तिला आयोगाचं पत्रक दाखवणार? डॉक्टरवर केस करता येते, पण चांगल्या मनानं बुडवणाऱ्या माणसावर काय करणार?"

काकी थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमच्यातल्या एकीनं पाटल्या मोडल्या होत्या. भिशीतच कुणीतरी सांगितलं म्हणून. पोराला काही झालं नाही, ना चांगलं ना वाईट. पाटल्या गेल्या. ती परत आली नाही."

"बघा."

"बघितलं म्हणूनच नियम केला. भिशीत कुणी कुठल्या उपचाराचं नाव घेतलं की तिनं तीन गोष्टी सांगायच्या: पैसे किती गेले, ते कुणाच्या खिशात गेले, आणि थांबवल्यावर काय झालं. तीन गोष्टी सांगायच्या नसतील तर उपचाराचंही सांगायचं नाही. तेव्हापासून उंटीण आमच्याकडे आली नाही."

हा नियम मला फार आवडला. कुठल्याही पत्रकापेक्षा तो अधिक मुळाशी जातो, कारण अनुभव सांगणाऱ्या बाईला तो खोटी ठरवत नाही. तिला अनुभव पुरा सांगायला लावतो. अमेरिकेत 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात अशाच पालकांच्या जोड्या लावायला सुरुवात झाली होती. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाची एक आई आणि एक समाजसेविका यांनी ते काम काढलं. जुन्या पालकाला थोडं शिकवायचं आणि नव्या पालकाशी त्याची गाठ घालून द्यायची, एवढंच. पुढे त्याचा देशभर विस्तार झाला आणि अभ्यासही झाले. 1990 च्या दशकातल्या एका अभ्यासातून निघालं की अशी जोडी चालते ती परिस्थिती खरोखर सारखी असेल तर, हाक मारल्यावर माणूस सापडत असेल तर, दुसऱ्याच्या अनुभवातून शिकता येत असेल तर, आणि मदत दोन्ही बाजूंनी होत असेल तर. नुसता गोडवा तिथेही पुरला नव्हता. हे मी दोघांना सांगितलं. काकींनी 'हाक मारल्यावर' या शब्दांवर मान हलवली आणि 2019 च्या पुराचं काढलं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पंचगंगा शहरात शिरली होती. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला, गावात दूध, पेट्रोल, औषधं यांची टंचाई झाली. निवाऱ्यासाठी शाळा, मंगल कार्यालयं उघडली. भावाच्या फाउंड्रीचे ते दिवस त्याला नीट आठवतात. मुलगा तेव्हा जन्मायचा होता.

"आमच्यातल्या एकीचं घर कुंभार गल्लीच्या बाजूला," काकी सांगत होत्या. "पोराला सेरेब्रल पाल्सी, वर झटके येतात. बोटीतनं काढलं त्यांना. नेलं मंगल कार्यालयात. तिथं चारशे माणसं, लाइट भगभगीत, लाउडस्पीकरवरून नावं पुकारत होते. पोरगं थरथरायला लागलं. तिच्या पिशवीत औषधाची बाटली होती, तळाला बोटभर उरलेली. ते औषध एकाएकी बंद करून चालत नाही, हे आमच्यातल्या प्रत्येकीला माहीत आहे. तिनं मला फोन केला. माझ्याकडं वही होती, कुणाच्या पोराला कुठलं औषध, किती एमएल, हे लिहिलेली. मी बसून फोन लावले. राजारामपुरीतल्या एकीकडे तेच औषध निघालं, त्याच कंपनीचं. तिच्या नवऱ्यानं मोटारसायकलवरून नेऊन दिलं. आणि त्या बाईला पोरासकट तिथून काढून कळंब्याला आमच्या दुसऱ्या एकीच्या घरी ठेवलं, आठ दिवस. त्या घरात असंच एक पोरगं आहे, त्यामुळं तिथं कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. रात्री दोनला हा ओरडतो, तर पहाटे चारला तो. दोघी आया आलटून पालटून झोपल्या. आता सांग, हे कुठल्या कलमात बसवायचं?"

त्यानं उत्तर दिलं आणि मला ते उत्तर तेव्हा कठोर वाटलं, अजूनही थोडं वाटतं. "आपत्ती व्यवस्थापनात," तो म्हणाला. "अशा मुलांची यादी तुमच्या वहीत होती, ती तालुक्याच्या आराखड्यात असायला पाहिजे होती. तुमच्याकडे वही होती म्हणून एक पोरगं सुटलं. ज्यांच्या आया तुमच्या भिशीत नाहीत त्यांचं त्या आठवड्यात काय झालं, हे कुणाला माहीत आहे?"

"नाही," काकी म्हणाल्या.

"शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा. तिथली आई संध्याकाळी पाचला मंगळवार पेठेत भिशीला येणार आहे का?"

"येत नाही. धुणंभांडी करणाऱ्या दोघी होत्या आमच्यात. शंभर रुपयांचीच भिशी ठेवली त्यांच्यासाठी. पैशाचं नाही जमलं असं नाही, वेळेचं जमलं नाही. पाच ते सात म्हणजे त्यांच्या दोन घरांची कामं. सुटल्या त्या."

यानंतर त्यानं जो मुद्दा काढला त्यात मला सगळ्यात जास्त तथ्य वाटतं. तो म्हणाला की महाराष्ट्रात अशा पालकांना एकमेकांचा आधार शोधता शोधता शेवटी संस्था चालवावी लागते. नावं त्याला पाठ होती. मुंबईत मिठू आलूर यांनी 1972 साली स्पास्टिक्स सोसायटी काढली, कारण सेरेब्रल पाल्सी असलेल्या त्यांच्या मुलीला, मालिनीला, शिकवणारी शाळाच देशात धड नव्हती. नाशिकच्या रजनीताई लिमये यांनी स्वतःच्या मुलाच्या निमित्तानं 1977 साली प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केलं. डोंबिवलीजवळ खोणी गावात अमेय पालक संघटनेनं 'घरकुल' उभं केलं, तेही पालकांनीच.

"थोर माणसं आहेत, मला मान्य आहे. पण बघा काय होतं. एक बाई खांद्यावर डोकं टेकायला म्हणून येते आणि दोन वर्षांनी देणगीची पावतीपुस्तकं सांभाळत बसते. ऑडिट, धर्मादाय आयुक्त, अनुदानाची थकबाकी, आचाऱ्याची सुट्टी. घरी तिचं मूल तसंच. मला इंजिनियर राहायचंय, काकी. संस्थाचालक व्हायचं नाही. साध्या मुलाचा बाप स्वतः शाळा बांधत नाही, मग मी का बांधू?"

"नको बांधूस," काकी म्हणाल्या. "पण त्या बायांनी तुझ्यासारखी वाट बघत बसायचं ठरवलं असतं, तर आज तुझ्या पोराला नाही म्हणायला तरी शाळा उरली असती का?"

मी इथे मध्ये बोललो, कारण दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट निसटत होती. तो ज्या कायद्याचा दाखला देत होता, त्याच्या आधीचा 1999 चा नॅशनल ट्रस्टचा कायदा हा बराचसा पालक संघटनांनी दिल्लीपर्यंत रेटा लावला म्हणून झाला. 1995 च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते आणि ऑटिझम त्यांत नव्हता. 1999 च्या कायद्यात तो आला, 2016 च्या कायद्यानं प्रकारांची यादी 21 वर नेली. कुणीतरी कुठल्यातरी हॉलमध्ये पोहे खात बसलं होतं आणि त्या बैठकीतून कलमाचा मसुदा निघाला, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही. भावाला ही गोष्ट आवडली नाही असं नाही. त्याचा हिशोब तिनं किंचित बिघडवला, एवढंच.

मग मी त्या दोघांना कोल्हापूरचीच आणखी एक गोष्ट आठवून दिली, जी दोघांच्याही विरुद्ध जाते. नसीमा हुरजूक सोळाव्या वर्षी पाठीच्या कण्याच्या आजारानं कमरेखाली लुळ्या झाल्या. त्यांना त्या खाईतून वर काढलं ते स्वतः व्हीलचेअरवर असलेल्या बाबूकाका दिवाणांनी. आईवडील होते, भावंडं होती, सगळे जीव टाकत होते. पण उभारी मिळाली ती स्वतः त्याच अवस्थेतून गेलेल्या माणसाकडून. पुढे 1984 साली नसीमादीदींनी 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली, उचगावला 'घरौंदा' हे वसतिगृह झालं. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचं आत्मचरित्र घराघरांत वाचलं गेलं. तिथे एकमेकांना आधार देणारे होते ते अपंग लोकच. तुम्ही दोघं तासभर आधाराबद्दल भांडताय आणि ज्याच्या नावानं हे चाललंय त्याला कुणी विचारलं का?

काकींनी तिथल्या तिथे हाक मारली. मुलगा आतून आला, केसांना पाणी लावून भांग पाडलेला. "भिशी आवडती का रे तुला?"

"नाही," तो म्हणाला. "बायका गाल वडतात." आणि जरा थांबून, "मी तालमीत चाललो."

रोज संध्याकाळी तो पेठेतल्या तालमीत जातो. तिथे त्याचं काम ठरलेलं आहे: मातीवर पाणी शिंपडायचं आणि पोरांच्या जोरांचा आकडा मोठ्यानं म्हणायचा. वीसच्या पुढे त्याचा आकडा चुकतो, म्हणून पोरं वीस-वीसचे घाणे मारतात. हे कुणी ठरवून केलेलं नाही, होत गेलं. भाऊ दारात जाऊन तो गल्लीच्या वळणापर्यंत एकटा जाताना बघत उभा राहिला. बराच वेळ.

"एकटा जातो?"

"गेल्या बारा वर्षांपासून. वाटेत सगळ्यांना माहीत आहे."

परत येऊन बसल्यावर त्याच्या आवाजातली धार कमी झाली होती, पण प्रश्न आधीच्यापेक्षा अवघड होता. "तुमच्यानंतर काय?"

या प्रश्नाला जुन्या काळी एवढं वजन नव्हतं, कारण पुष्कळ मुलं आईबापांच्या आधीच जात. डाउन सिंड्रोम असलेल्या माणसाचं सरासरी आयुष्य अमेरिकेत 1983 च्या सुमाराला 25 वर्षांचं होतं. आता ते साठीच्या आसपास गेलं आहे. हृदयाचं ऑपरेशन लहानपणीच होऊ लागलं, थायरॉइडची तपासणी वेळेवर होऊ लागली. चांगली गोष्ट आहे, आणि तिनंच हा प्रश्न आणून ठेवला आहे.

काकींनी आधी कागदाचं सांगितलं. मूल अठराचं झालं की कायद्यानं ते सज्ञान होतं, त्याला काही कळत असो वा नसो; आईबाप आपोआप पालक राहत नाहीत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांत जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं. बँकेच्या कामाला, जमिनीच्या वाटणीला ते लागतं. "भिशीतल्या नऊ जणींचं करून झालं. बापे लोक आमच्यात कधी येत नाहीत, या अर्जाला मात्र येतात. सही लागते म्हणून."

"कागद झाला. माणूस कोण?"

"माझ्या धाकटीनं हो म्हटलंय," काकी म्हणाल्या. "तिच्या नवऱ्यानं अजून म्हटलेलं नाही." त्यावर त्या आणखी काही बोलल्या नाहीत आणि भावानंही ताणलं नाही. भिशीकडे या प्रश्नाचं उत्तर नाही. त्याच्या कायद्यातही पूर्ण नाही.

दुसऱ्या रविवारी तो एक छापलेला कागद घेऊन आला. महापालिकेला द्यायचं निवेदन. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. त्यातून काय व्हावं याच्या मागण्या त्यानं क्रमानं लिहिल्या होत्या. पहिली: शाळांतून विशेष शिक्षक नेमावेत आणि प्रवेश नाकारणाऱ्या शाळेकडून लेखी कारण घ्यावं. दुसरी: पूर आराखड्यात अशा मुलांची यादी आणि शांत निवारा. तिसरी: मोठ्या मुलांसाठी दिवसभराचं केंद्र. भिशीतल्या बायकांच्या सह्या पाहिजेत, असं म्हणाला. ही मदत मागतोय असं वाटू नये म्हणून त्यानं ते जरा रागातच म्हटलं.

काकींनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला.

"यात आंघोळीचं नाही."

"कसली आंघोळ?"

"आमच्यातली एक छप्पन्न वर्षांची आहे, गुडघे गेलेली. पोरगं एकोणतीस वर्षांचं, सत्तर किलोचं, उभं राहत नाही. नवरा नाही. रोज सकाळी त्याला आंघोळ कोण घालतं? तीच. दोनदा दोघं मिळून पडलीत मोरीत. घरी येऊन एक तास मदत करणारा गडी माणूस पाहिजे, रोजचा, पगारी. ते लिही. पहिलं लिही."

"लिहितो. चौथं टाकतो."

"पहिलं."

"काकी, पहिली शाळाच राहणार. पाच वर्षांच्या पोराला आज शाळा मिळाली नाही तर चोवीस वर्षांनी तुमच्या त्या बाईसारखीच वेळ माझ्या बायकोवर येणार आहे."

"आणि तिला आज आंघोळ घालायची आहे."

"शाळा पहिली."

"मग दोन कागद कर," काकी म्हणाल्या. "तुझ्या कागदावर आम्ही सगळ्या सह्या करतो. आमच्या कागदावर तुझी आणि तुझ्या फाउंड्रीतल्या चार बापे लोकांची आण."